वीस किलो

कमरेखाली मी नव्हतोच.
हिरव्या पडद्यापलीकडे कुणाचा तरी पाय
खाऱ्या पाण्यानं धूत होते, नऊ बाटल्या,
नर्स मोठ्यानं मोजत होती.
बादलीत पडत होती
रबाळ्याच्या शेडमधली माती, पँटचे दोरे.
ग्रीसचा एक डाग बराच वेळ निघेना.

पाइपांचा गठ्ठा साखळीतून सुटला
तेव्हा नडगी कातडीबाहेर आली होती.
मी पाहिली. पांढरी नव्हती,
ओल्या शेंगेतल्या दाण्यासारखी, गुलाबीसर.
इरफाननं वर बनियन टाकला,
"काका, वर बघा," म्हणाला.
वर पत्रे होते.

मग ड्रिल सुरू झालं.
सत्तावीस वर्षं मी भोकं पाडतोय फ्लँजांना,
टोक कुठे पोचलं ते आवाजावरून सांगतो.
"हळू," डॉक्टर तामगाडगे कुणा शिकाऊला म्हणाले,
"पाणी सोड. हाड तापलं की मरतं, पिन ढिली होते."
हेच मी इरफानला सांगतो,
फक्त शिवी घालून.

पहिली भिंत, जड, करकरती.
मग पोकळ. क्षणभर काहीच नाही.
मग दुसरी भिंत,
आणि मी मनात म्हटलं, बस, निघालं पलीकडे,
त्याच घडीला ड्रिल थांबलं.
असं तीन वेळा.
चौथ्यांदा तो पोरगा जरा जास्तच गेला.
"अरे!" मी म्हणालो.
पडद्यापलीकडे सगळे गप्प.
"हा जागा आहे होय?"

चार पिना, चार क्लॅम्प, एक दांडी.
मोडलेल्या जागेला हात लावायचा नाही,
दुरून धरून ठेवायचं फक्त.
बरी जिग आहे, मी राउंडला म्हणालो, पाना अकराचा ना?
डॉक्टर हसले. "नटांना हात नाही लावायचा, मिस्त्री."

नाही लावला.
फक्त रेणूकडून नेलपॉलिशची रेघ मारून घेतली
नटापासून क्लॅम्पपर्यंत, प्रत्येकावर.
रात्री चिंचपाड्यात सगळे झोपले की
टॉर्च मारून बघायचो, रेघ सरळ आहे ना.

शालन पाणी उकळून गार करते.
एका पिनेचा गॉज दुसरीला नाही.
लग्नात मटण धुताना तोंड फिरवणारी ही बाई
आता नाक जवळ नेऊन वास घेते आणि सांगते,
"तिसरी आज रडतेय."
माझ्या दोन पँटी तिनं शिवणीतून उसवल्या,
टिचबटणं लावली. टिच, टिच, टिच,
घरात मी निघालोय हे त्यावरून कळतं.

चौथ्या महिन्यात फोटोत धुकं दिसलं,
दोन टोकांच्या मध्ये, कडा नसलेलं.
माझ्याकडे असा जोड आला असता
तर मी परत पाठवला असता.
डॉक्टर खूश होते.
"आता टेकवा. पण वीसच किलो."

वीस म्हणजे किती, हे पायाला कोण सांगणार?
भंगारवाल्या मुख्तारचा वजनकाटा आणला.
रेणू समोर उकिडवी बसून वाचते,
सात. अकरा. बाबा, एकतीस, उचला उचला.
अडुसष्ट किलोचा माणूस मी,
न विचारता सगळा भार टाकत आलो जमिनीवर.

काल तिनं डोळे मिटायला लावले.
पाय ठेवला.
"किती?"
ती बराच वेळ बोलेना.
"काटा हलतोय अजून," म्हणाली,
"थांबा."