बसायची खुर्ची

या घरात खुर्च्या एकशे बारा.
बसायची एकच, माझी,
खिडकीशी, रेक्झिनची.
यादीत तिला नंबर नाही.
बाकीच्यांच्या गादीवर एकेक वाळलेलं काटेरी बोंड.
पाटीपेक्षा हे बरं,
कुठल्याही भाषेतल्या बुडाला समजतं.

येणारे दारातच बुटांवर फेल्टच्या सपाता चढवतात
आणि बॅरनची जमीन
दिवसभर फुकटात पुसत हिंडतात.
यांच्याच पणज्या ती गुडघ्यांवर पुसायच्या.

मी काय राखते?
चौतीस पेले, एकाच्या काठाला टवका.
साखरेचा चिमटा.
हस्तिदंती पंखा, ज्यानं कुणाला वारा घातला असेल असं वाटत नाही.
एक घड्याळ, त्यावर सोन्याची बाई
सोन्याच्या कुत्र्याला काहीतरी सांगते आहे,
सव्वाचारच्या पुढे बोलणं गेलेलं नाही.
नऊ वर्षांत मला लोकांनी विचारलं ते:
शौचालय, कॉफी, त्सेसिसची शेवटची बस.

ऑक्टोबरातला मंगळवार. रीगाहून आलेले पंधरा जण,
पुढे गाइड इंगुना,
आणि सगळ्यांच्या मागे एक म्हातारा, टोपी हातात,
कोट कुणाच्या तरी लग्नातला.

छतापर्यंत गेलेल्या निळ्यापांढऱ्या शेगडीपाशी
इंगुना थांबली, नेहमीसारखी.
"प्रत्येक टाइलवर वेगळं जहाज.
आणि तिसऱ्या ओळीत, पाहा, एक उलटं.
जुन्या कारागिराची ही नम्रता.
बिनचूक फक्त देव, असं तो सांगतो आहे."
लोक "अरे वा" म्हणाले.
मीही इतकी वर्षं म्हणत आलेय, मनात.

म्हातारा पुढे झाला
आणि तळहात सरळ त्या उलट्या जहाजावर ठेवला.
हात लावू नका,
एवढंच म्हणायचा मला पगार मिळतो.
पण ते ओठांशीच राहिलं.
गाईच्या पाठीवर हात ठेवतात तसा ठेवला होता त्यानं,
दुधासाठी नव्हे,
ती थंडीत उभी आहे म्हणून.

बाकीचे चांदीच्या दालनाकडे सरकले. तो मागे राहिला.
"अडुसष्ट साली इथं शाळा होती, सामूहिक शेतीची.
या खोलीत चौथी.
धूर कोंडायचा, पोरं खोकायची.
मी आणि लाइमोनिस, आम्ही ही उतरवून परत रचली.
बाविशीतले. संध्याकाळी गावात नाच होता,
घाई होती."

"आणि हे उलटं?"

"गारा वाळल्यावर दिसलं.
लाइमोनिस म्हणाला, राहू दे रे, कोण बघतंय."

हसला. दात असतील चार.
"सांगू का इंगुनाला?"
त्यानं टोपी घातली, परत काढली.
"नको. तिचं जास्त छान आहे."
आणि सपाता फरफटवत चांदी बघायला गेला.

नाचाला वेळेवर पोचले का,
ते विचारायचं राहिलंच.

कुलूप लावायच्या आधी
मी हातमोजा काढून तिथं हात ठेवला.
गार. असणारच,
रेडिएटर आल्यापासून आत कुणी लाकूड घातलेलं नाही.
मग कंबर वाकवून, मान पार खाली घालून पाहिलं,
या वयात, कुणी नाही असं बघून.
ते जहाज सरळ चाललं होतं.
बाकीची सगळी बुडत होती.

खुर्ची भिंतीला लावली.
साडेपाचची बस.