वर्कलोड

तत्त्वज्ञान विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट
आणि खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड.
कपाटाची किल्ली देवराव आत्रामकडे,
कारण मी ती हरवतो.

एकतीस वर्षं शिकवतो आहे
मारेगावातल्या या कॉलेजात
की असणं हे नसण्याहून बरं
हे सिद्ध करता येत नाही.
तास सव्वाअकराचा.
वणीकडे कोळशाचे ट्रक जातात तेव्हा
वाक्य तोंडात धरून उभं राहावं लागतं.
पुष्कळदा ट्रक गेल्यावर
वाक्यही गेलेलं असतं.
पोरं तेवढ्यावर पास झाली.

अमरावतीला, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत
बाहेरून आलेले परीक्षक
चहात बिस्किट बुडवत म्हणाले,
"सगळं पटलं, निखाडे.
जन्माला घालणं हाच अन्याय, ठीक.
घरी कोण कोण असतं?"
सगळे हसले. मीही.
बिस्किट तुटून कपात पडलं.
मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती.
ऋणनिर्देशात तिचं नाव आहे,
पुढे तीनशे बारा पानं
तिच्याविरुद्धचे युक्तिवाद.
ती आता पुण्यात लोकांचे दात काढते.
थोडंसं दुखेल, असं आधी सांगून.
प्रबंध तिने मागितला नाही,
मीही दिलेला नाही.

एका वर्षी पूर्ण जुलै महिना
मी फळ्यावर एकच वर्तुळ काढत होतो:
इच्छा, धडपड, कंटाळा, पुन्हा इच्छा.
सुकेशनी खोब्रागडे उठली.
"सर, दुःख हाय हे त आमच्या विहारात
बारक्या पोट्ट्यायलेई मालूम हाय.
चारातलं पयलंच हाय थे.
तुमी पुढचं कवा घेता?"
अभ्यासक्रमात पुढचं नव्हतं.
मी म्हणालो, सोमवारी.
सोमवारी माझी दिग्रसला परीक्षेची ड्यूटी लागली.
तिचं लग्न झालं की नोकरी लागली,
मला कळलं नाही.
खडूचं ते वर्तुळ मात्र
नीट पुसलं गेलं नाही कधी,
तिरप्या उन्हात अजून दिसतं.

नीतिशास्त्राबद्दल हे सांगायचं राहिलं:
बारा वर्षांपूर्वी प्राचार्य म्हणाले,
वर्कलोड बसत नाही, पद जाईल,
डोकी दाखवा.
मी डोकी दाखवली.
हजेरीपटावर सतरा नावं, वर्गात चार.
बाकीचे तेरा मी कधी पाहिले नाहीत.
प्रवेश-अर्जावर अंगठ्याएवढे फोटो,
त्यातही दोघांचे सारखे.
कर्तव्य म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून
मागे वळायचो आणि खाली मान घालून
नसलेल्यांना हजर करायचो.
निळ्या शाईने, एकेक.
नसलेल्याला काही सोसावं लागत नाही,
हा माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष.
त्यांच्या जिवावर माझ्या घराचे हप्ते फिटले.

दर मार्चमध्ये देवराव विचारतो,
"सर, किती जनाचं पानी भरू?"
मी सांगतो, सतरा.
दुसरा आकडा कसा सांगणार,
हजेरीपट त्याच्याच हातून ऑफिसात जातो.
तो हापशीवरून सतरा जणांचं पाणी आणतो,
बासष्टाव्या वर्षी, दोन खेपा जास्तीच्या.
चारजण पितात.
संध्याकाळी रांजण तो झाडाच्या बुंध्याशी उपडा करतो.
मी विभागात बसून
करुणेवर टिपणं काढत असतो,
खाली मातीचा तो आवाज ऐकू येतो.
आवारातली बाकीची झाडं
एप्रिलच्या आत काटक्या होतात.
हे एक नाही.
याचा कशालाही पुरावा म्हणून
मी उपयोग करणार नाही.
एवढी शिस्त शिल्लक आहे.

आज शेवटचा दिवस. शाल, नारळ,
प्राचार्यांच्या भाषणात माझा विषय दोनदा चुकला,
एकदा मानसशास्त्र, एकदा तर्कशास्त्र.
पद भरणार नाहीत.
कपाट ग्रंथालयात जाईल, किल्ली देवरावकडेच राहील.

तो दारात उभा आहे, हातात रिकामी बादली.
"उद्या किती जनाचं, सर?"

त्याला माहीत आहे. त्याला
बारा वर्षं माहीत असावं.

एक ट्रक जातो आहे,
तो जाईपर्यंत मी थांबतो.
मग म्हणतो, भर,
सतराचंच भर.