अळणी

बावीस वर्षं वैजूने आमटी चाखून पाहिली नाही.
हात बरणीत जायचा, चिमूट सुटायची,
आणि नारायण पेठेतल्या आमच्या चाळीस डब्यांत
एकाचंही मीठ चुकायचं नाही.
परीक्षा देणारी पोरं, कुणी परांड्याचं, कुणी औंढ्याचं.
निकाल चुकायचे त्यांचे, मीठ नाही.

मग प्रेशर निघालं.
एक पांढरी गोळी, आणि ताकीद : मीठ बंद.
वैजूचं बंद म्हणजे बंद.
जगासाठी चवीचं, स्वतःपुरतं अळणी.
वर तांब्यामागून तांब्या पाणी.
चांगलंच की, म्हणालो मी, उन्हाळा आहे.

एका रात्री म्हणाली, झाकणं बोलतात.
कसली?
डब्यांची. घासून पालथी घातली की
माझ्याविषयी कुजबुजतात.
मी हसलो.
हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

आषाढात तिचा तोल जायला लागला, भिंत धरून चालायची.
एकदा दारात मला अडवून विचारलं,
तुम्ही डबे पोचवणारे ना?
तसा मी होतोच.

मनाच्या डॉक्टरांनी विचारलं,
घरात अलीकडे काही झालंय?
झालं होतं. ऋजुताने न सांगता लग्न केलं होतं,
होसूरहून फोटो पाठवला होता, हार घातलेला.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
कारण सापडलं की माणसं सुटतात.
मीही सुटलो, दोन महिने.
मनाची गोळी सुरू झाली
आणि वैजू दुप्पट वेगाने दूर जाऊ लागली.
समोरचे गुजर हळूच म्हणाले,
येरवड्याला ओळख आहे माझी.

वहिनी भोरहून आली, दृष्ट काढायला.
मूठभर मीठ आणि मोहऱ्या
वैजूच्या डोक्यावरून तीनदा फिरल्या
आणि गॅसवर तडतडल्या.
केवढी लागली होती बघा, वहिनी म्हणाली.
मूठभर मीठ. तिच्या इतक्या जवळून गेलं.

त्या शनिवारी ती मोरीत पडली,
दात आवळलेले, डोळे वर.
ससूनमध्ये रात्रपाळीची एक मुलगी,
बाह्या दुमडलेल्या, चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली.
तिने फाइल मिटली आणि मला विचारलं,
या मीठ किती खातात?
पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पहाटे रिपोर्ट आला. सोडियम एकशे नऊ.
हवं किती?
एकशे पस्तीस तरी.
पांढरी गोळी रोज थोडं थोडं मीठ धुऊन नेत होती,
मनाच्या गोळीने त्यात हातभार लावला होता.

मग द्या ना, भराभर द्या, मी म्हणालो.
नाही काका. घाईने दिलं तर मेंदू दुखावतो.
थेंब. थांबा. थेंब.
मी खाली बसून मोजत राहिलो.
चौथ्या दिवशी वैजू म्हणाली,
डबे कोण करतंय? आणि मीठ कोण घालतंय?

आता हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो.
गुजर सांगतात, वहिनी सांगते :
काही नव्हतं हो, नुसतं मीठ कमी झालं होतं.
ऐकून सगळ्यांना बरं वाटतं.
वैजू ऐकते, भाजी निवडते.

परवा मी डबे घासून पालथे घालत होतो.
ती म्हणाली, आता नाही बोलत ती.
पण तेव्हा काय म्हणायची, विचारलंस कधी?
म्हणायची, हिला झोपू द्या. हिच्या मुलीलाही हिला सांगावंसं वाटलं नाही.
त्यातलं मिठाचं किती आणि माझं किती,
ते काढ तुझ्या त्या रिपोर्टात.

मला काढता आलं नाही.
दर गुरुवारी आम्ही मनाच्या डॉक्टरांकडे जातो अजून,
आधी रक्त देऊन.
पांढरी गोळी बदलली. डबे वीसवर आणले.
ऋजुताचा फोन कधी लागतो, कधी नाही.

आज आमटी उकळत होती.
चिमूट बरणीवरच थांबली.
तिने पळीत थोडी घेतली, फुंकली,
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे धरली.
बघ रे, काय कमी आहे?
जीभ पोळली. मला चटकन सांगता येईना.