हजेरी

कोरेगावात, खतांच्या दुकानाच्या माडीवर,
जिथं पोरं टॅली शिकतात,
तिथल्या खिडकीकडच्या मशीनवर मी हे केलं.
सर म्हणाले, गेम आहे का?
म्हटलं, कविता.
ते पुढच्या मशीनकडं गेले.

रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून आणले होते.
दौलू सावळा मंडले. जात रामोशी.
रात्री अकरा, हजर.
रात्री दोन, हजर.
गाव राखायचं ज्यांनी,
त्यांनाच गाव रात्रभर मोजत होतं.

अक्षरं सुटी केली तर वेलांट्या गळाल्या,
आणि अक्षर हरवलेल्या वेलांटीला
कॉम्प्युटर एक ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ जोडतो.
इथं कुणीतरी असायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं.
ती चूक मी दुरुस्त केली नाही.
अंगठ्यासाठी सोडलेली जागा वाटत होती.

पहिल्या खेपेला लिहिलं:
माउस जाईल तिथं नावं धावत येतील.
आली.
क्लासमधली पोरं खूश.
प्रणिता दाभाडे तर त्यांना कोपऱ्यात गोळा करायची,
सोडायची, परत गोळा करायची.
एकशे बारा माणसं, एका बोटावर.
मी मागं उभी.
फौजदार हसराही असू शकतो, हे तेव्हा दिसलं.
आणि खुर्ची मीच दिली होती.

रात्री सगळं पुसलं.
एका ओळीची अट घातली:
बोट हललं, तर पडदा काळा.
स्थिर राहिलं, तर एकेक नाव
आपल्या वेळेनं, आपल्या वाटेनं जाईल.
तुमच्याकडं येणार नाही. थांबायचं तुम्ही.
दोन मिनिटांत बहुतेक जण उठतात.

मग आप्पा जिना चढून आले. वय चौऱ्याऐंशी.
लहानपणी बापापुढं कंदील धरून
चावडीपर्यंत जायचे, एवढंच सांगतात.
चावडीच्या आतलं नाही.
सरांचा टॅब मागून घेतला, म्हटलं, बोट ठेवा.
त्यांनी अंगठा ठेवला,
आधी धोतराला पुसून.
शाई नसते आप्पा, असं म्हणेपर्यंत
दौलू मंडले पडद्याच्या कडेनं निघाला होता.

आप्पा हलले नाहीत.
खाली दुकानात कुणी युरियाची पोती मोजत होतं,
सतरा, अठरा, परत सतरा.
नाव दिसेनासं झालं
तेव्हा अगदी हळू म्हणाले,
हजर.

माझ्या कोडमध्ये
ऐकायची सोय नव्हती.