काच पुसायची थंडी

गोडोलीतल्या आमच्या सामाईक भिंतीवर
दोन परड्या बसतात, तिसरी कलंडते.
म्हणून जयसिंगराव निकम रोज साडेआठला येतात,
पलीकडून तिसरी परडी धरून उभे राहतात.
मी मिरच्यांना चीर देते, ते हवा सांगतात.

"कासची फुलं आटपली. पोवई नाक्यावर गाड्या कमी झाल्या बघा."
"झाल्या खऱ्या."
"आता पंधरा दिवस ऊन रट्टा देणार. मग एकदम गार."
"मुंग्या तर अजून भिंतीबाहेरच आहेत."
"मुंग्यांचं काय धरून चालता, वहिनी."

अकरा झाडं लावली होती मोरीच्या कडेनं,
बुटकी, जाड सालीची मिरची, तिखटाला बेताची.
एक रात्र आंबट ताकात,
मग मेथी भाजून भरड, धणे, हिंग, मीठ हाताच्या अंदाजानं.
लिंबू नाही. लिंबानं मऊ पडते,
असं मी म्हणते, आणि ते मान डोलावतात
जणू रस्ता पुढं बंद आहे असं कुणी सांगितलं.

एकतीस वर्षं साताऱ्याहून महाबळेश्वर, मेढ्यावरून.
सव्वापाचची पहिली एसटी.
केळघरच्या अलीकडं एखाद्या पहाटे
समोरची काच आतून धूसर व्हायची.
एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं फडकं,
आणि मागं न बघता कंडक्टरला: आली रे.
त्या संध्याकाळी घरात गोधड्या खाली निघायच्या.

मार्चमध्ये निवृत्त झाले.
ही पहिलीच थंडी
जी त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळायची आहे.

म्हणून विचारत फिरतात.
दूधवाला म्हणाला, म्हशी उशिरा उठतायत.
तळ्यावर परीट पक्षी आलाय, शेपटी हलवत,
पण एकटाच, एकट्याचं काय मोजायचं.
किराणा दुकानात खोबरेलाची बाटली उलटी करून बघतात,
सुळकन वाहतं, परत ठेवतात.
दुकानदार आता काही बोलत नाही.
"माझ्या टाचा फुटायला लागल्या," मी म्हणते.
ते टाचांकडं बघत नाहीत. यवतेश्वराकडं बघतात.

चौथ्या दिवशी आभाळ आलं.
बंगालच्या बाजूला काहीतरी फिरतंय, पोरानं फोनवर दाखवलं.
परड्या आत, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर.
दोन दिवस घरभर मेथीचा कडवट वास,
उशीला, साडीला, चहाला.
बावीस मिरच्यांना बुरशी. मोजून टाकल्या.
जयसिंगरावांनी त्यातली एक उचलून उजेडात धरली,
"ही चालली असती," म्हणाले.
नसती चालली.

मग ऊन परतलं, मिरच्या आक्रसल्या,
फिक्या पडल्या, हलक्या झाल्या.
एक मूठ कानाशी नेऊन त्यांनी हलवली.
"वाजतायत."
"मग झाल्या."
"आमच्या कांबळे कंडक्टरच्या चिल्लरीसारख्या."

तुळशीचं लग्न होऊन गेलं.
त्यांच्या वाटणीची काचेची बरणी मी भिंतीवर ठेवली,
ते पुतण्याकडं कोरेगावला गेले होते.
रात्री आत घ्यायची राहून गेली.

सकाळी मी दात घासत दारात,
ते भिंतीपलीकडं, मफलर नाही, नुसता बनियन.
बरणी पांढरीफटक, आतलं काही दिसेना.
त्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला
आणि पुसली, एकदा डावीकडून उजवीकडं,
पूर्ण हात लांब करून,
एवढ्याशा बरणीला केवढा हात.
वाकून आत बघत राहिले.

मी काही बोलले नाही, तोंडात फेस होता.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ह्या तळायच्या, का तशाच?"
"तळून. दहीभाताबरोबर.
तेल फार तापवू नका, करपतात लगेच."
"बरं," म्हणाले,
आणि बरणी बनियनला धरून
घरात हाक मारत गेले, गोधड्या कुठंयत म्हणून.