नाव नसलेलं बोट

मार्चमध्ये बैकालवरचा बर्फ ट्रक पेलतो.
तरी दुगार दार उघडं टाकूनच गाडी हाकतो.
उडी मारावी लागली तर, म्हणतो,
आणि हसतो, आणि दार लावत नाही.

किनाऱ्यापासून लांब, बर्फात कापलेलं चौकोनी भोक.
त्यातून खाली सोडायचे काचेचे गोळे,
कलिंगडाएवढे, माळेत ओवलेले,
किलोमीटरभर काळ्या पाण्यात.
प्रत्येकाचा डोळा तळाकडे.
पृथ्वीच्या पलीकडून, खडकातून, वितळल्या लोखंडातून
कुणालाही धक्का न लावता जे येतं,
त्यातलं एखादं चुकून पाण्यात ठेचकाळलं
तर निळी ठिणगी.
तेवढ्यासाठी हे सगळं.

माळ सुटण्याआधी दुगार वाटीतल्या दुधात
बोट बुडवतो, चार दिशांना शिंपडतो.
तर्जनी नाही, मधलं नाही, करंगळी नाही.
रशियनमध्ये त्या बोटाला बिननावाचंच म्हणतात.
दुगार सांगतो, आमच्यातही तसंच.
आपण अनामिका म्हणतो,
अंगठी चढवतो आणि विसरून जातो.

अग्निया ल्वोव्ना तेव्हा घड्याळ बघते.
तिचे वडील गावोगाव देव नसल्याची व्याख्यानं देत,
पगारी. घरी वीज कडाडली
की आरशांवर चादरी टाकत.
ती आरसे झाकत नाही.
फक्त गोळा पाण्यात जाताना
हातमोजा काढून त्यावर तळवा ठेवते,
उणे बावीसमध्ये.
चीर तपासते, म्हणते.
तळव्याला अशी चीर कळत नाही
हे तीस वर्षं विद्यार्थ्यांना तिनेच शिकवलंय.

रात्री पत्र्याच्या खोपटात चहा.
"ते आपल्यातूनही जातं?"
"आत्ता, तुझ्या नखातून. सेकंदाला अब्जावधी."
तो नखाकडे बघतो. नखात ग्रीस आहे.
"आणि काहीच करत नाही?"
"जवळजवळ काहीच."
"मग देवांपेक्षा बरं. ते मागतात तरी.
दूध, व्होडका, मेंढीची चरबी."

ती हसते. आणि मग काय होतं कोण जाणे,
कप खाली ठेवून सांगायला लागते:
अठरा वर्षांपूर्वी एक ठिणगी मी खोडली.
खरी होती. पण येफीमच्या माळेवर पडली होती,
आणि येफीम मला आवडत नव्हता.
वहीत लिहिलं, गोंगाट.
एकच शब्द.
येफीम गेला. त्या ठिणगीबद्दल सांगणारं
आता माझ्याशिवाय कुणी नाही.

दुगार तिला माफ करत नाही.
तो पुजारी नाही, ओझा नाही, ट्रकवाला आहे.
तो म्हणतो, गेल्या हिवाळ्यात
तुमचं डिझेल मी विकलं. दोन पिंपं.
"माहीत आहे. मी मोजते."
"बैकाललाही माहीत आहे."
"बैकाल मोजत नाही."
"म्हणून तर त्याला सांगता येतं."

शेगडीत लाकूड फुटतं. दोघंही दचकतात.

यंत्र खोटं बोलत नाही, असं आपण कौतुकाने म्हणतो.
यंत्राला येफीम नसतो, एवढंच.
आणि देव आहे की नाही
हा प्रश्न मला आताशा लहान वाटतो.
मोठा प्रश्न त्या तळव्याचा:
ज्याला आपली काडीची गरज नाही
त्याच्यापुढे माणूस हातमोजा का काढतो?
उत्तर माहीत असल्यासारखं मी लिहीत होतो,
ते पान फाडलं.

सकाळी शेवटची माळ. दुगार आलेला नाही,
त्याचा ट्रक किनाऱ्यावर बंद पडलाय.
वाटी तिथेच, दूध गोठून चंद्राएवढं पांढरं.
पोरं यारीपाशी थांबलीयत, पाय आपटत.
अग्निया ल्वोव्ना घड्याळ बघते.
पुन्हा बघते.
वाटी उचलून कोटाच्या आत, पोटाशी धरते
आणि उभी राहते.

त्या दिवसाच्या नोंदीत:
विलंब, अकरा मिनिटं.
कारणाचा रकाना
कोरा.