पाव तोळा

कॅम्पात मिनेझिसच्या दुकानात
काचेवर तीन काडतुसं उभी.
डाव अर्धा सोडून कुणी उठून गेल्यासारखी.

"आधी काडतूस ठरवा, बाई.
रायफल त्याच्याभोवती येते.
पाय बघून चप्पल. उलटं नाही."

लायसन माझ्या नावावर होऊन अठरा दिवस झालेत.
तुळसा लुमाण्णा घाडी, कन्नड अक्षरांत.
कारण : पिकाचं रक्षण.
पीक : रताळी.
फोटोत मी घाबरलेली दिसते. मी घाबरले नव्हते,
फोटोवाल्यानं हनुवटी वर करायला सांगितली होती.

पहिलं काडतूस ओळखीचं. बाबांचं, तीनशे पंधरा.
मिनेझिस सुटी गोळी सोनाराच्या काट्यावर ठेवतो
(काटा त्याच्या सासऱ्याचा, सराफी बुडाल्यावर आलेला) :
सव्वा तोळ्याच्या वर.
"ही डुकराला थांबवते. खरं, स्वतः थांबत नाही."

ते मला माहीत आहे.

नाल्यापलीकडं इराप्पा तळवाराचा गोठा.
पाणी आटलं की रान एकच दिसतं,
उताऱ्यावर दोन.
मी नववीत होते. बाबांनी माळ्यावरून बार टाकला,
डुक्कर पडलं, आम्ही कंदील घेऊन धावलो,
आणि पलीकडं म्हैस ओरडायला लागली.
म्हशीला काही झालं नव्हतं.
तिच्या कानाच्या वितभर वर भिंतीला भोक,
त्यातून चांदणं.

इराप्पा भांडला नाही.
सकाळी त्यानं भोकात बाभळीची खुंटी ठोकली
आणि तिच्यावर घुंगरमाळ अडकवली.
बाबा त्या वाटेनं जाताना दिसले
की तो माळ नुसती हलवायचा.
बाबांनी वाट बदलली.
आता बाबा नाहीत, त्यांची रायफल ठाण्यात जमा,
माळ तिथंच आहे.

मधलं काडतूस मिनेझिसनं स्वतःच आत ठेवलं.
"हे खारीपुरतं. पोरासोरांचं."

तिसरं बारीक. मानेशी निमुळतं,
अत्तराच्या कुपीसारखं.
"बावीस हॉर्नेट. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी."
गोळी काट्यावर ठेवली. पारडं जेमतेम हललं.
पाव तोळा. माझ्या कानातल्यांएवढी.

"बार ऐकू यायच्या आत ही पोचलेली असते.
शंभर पावलांवर मनगट उचलायला नको, सरळ रेघ.
आणि लागली की फुटते. ढेकळाला लागली तरी
बहुतेक तिथंच भुगा. पलीकडं काय जात नाही."

बहुतेक म्हणाला. मी ऐकलं.

"आणि डुक्कर?"
मिनेझिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ससा, कोल्हा, म्हणाल ते. डुक्कर नको.
मरणार नाही, पळेल. मग अंधारात त्याच्यामागं
तुम्हालाच जायला लागेल, बाई.
मी विकायला बसलोय, खरं खोटं सांगून नाही."

बाहेर पलटणीची पोरं दौडत गेली.
मी दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या.
एक तिथंच होती, ठाम, दगडासारखी.
दुसरी आहे का नाही ते बघायला
मूठ उघडायला लागायची.

त्यानं मला एक रिकामं केस दिलं, वर भुगा न झालेली
बिनदारूची गोळी बसवून. "घरी न्या. विचार करा.
दुकान पळून जात नाही."

खानापूरची बस उशिरा मिळाली.
उतरून मी घरी गेले नाही, नाला ओलांडून गेले.
इराप्पा धार काढत होता.
न विचारता मी माळ उतरवली, खुंटी हलवून काढली,
आणि ते काडतूस भोकात सरकवलं.
आत खुळखुळलं. भोक केवढं मोठं होतं.

इराप्पानं हात धोतराला पुसले,
काडतूस काढलं, उजेडाकडं धरलं.
"इष्टेना?"
"एवढंच, काका."
"हंदी?" डुकरं?
मी काही बोलले नाही.
त्यानं खुंटी परत ठोकली. माळ मात्र
म्हशीच्या गळ्यात घातली.

रात्री दोनला डुकरं आली, सात होती.
अलीकडून मी तेलाचा डबा बडवला,
पलीकडून त्यानं पत्रा.
अर्धा वाफा गेला.